ब्रीफिंगला उभं राहिलं की घसा कोरडा पडतो, तेव्हा

चारचौघांसमोर भीती वाटते म्हटलं की 'तुझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं' असा सल्ला मिळतो. तो सैनिकाच्या कामाचा नाही. लक्ष असतंच. बुटाच्या पॉलिशपासून नेमबाजीपर्यंत सगळं तपासलं जातं. म्हणून आधी कागदावर दोन रकाने आखा. पहिल्यात खरंच तपासल्या जाणाऱ्या गोष्टी लिहा: वेळ, ठिकाण, हुकूम स्पष्ट पोचला का. दुसऱ्यात मनाची भर लिहा: हात थरथरलेला दिसेल, आवाज चिरकेल, 'हा कच्चा आहे' म्हणतील. तयारी फक्त पहिल्या रकान्याची करायची.

मग भीतीची शिडी, म्हणजे भीती वाटणाऱ्या प्रसंगांची चढती यादी. प्रत्येक प्रसंगाला 0 ते 100 गुण द्या, जितकी भीती जास्त तितके गुण जास्त. रेडिओवर संदेश देणं कदाचित 20 वर येईल आणि मेसमध्ये अनोळखी टेबलावर जेवायला बसणं 60 वर. यात नवल नाही. रेडिओवर शब्द ठरलेले असतात, जेवणाच्या गप्पांत नसतात. सुरुवात 30-40 च्या पायरीपासून करा, आठवड्यातून तीन-चारदा. आधी एक ओळ लिहा, काय होईल असं वाटतं. नंतर एक ओळ, काय झालं. या दोन ओळींतला फरकच भीती उतरवतो.

एवढं करूनही पुष्कळ जण अडकतात, ते स्वतःला सांभाळून घेण्याच्या सवयींमुळे. कागद दोन्ही हातांनी इतका आवळायचा की बोटांची पेरं पांढरी पडतात. स्नायू जितके ताणलेले, तितकी थरथर जास्त. भराभर बोलून उरकायला जावं, तर श्वास अपुरा पडतो आणि आवाज खरंच चिरकतो. कागद टेबलावर ठेवा. पहिल्या वाक्यानंतर थांबा. पुढचं वाक्य पूर्ण होईपर्यंत समोरच्या एकाच चेहऱ्याकडे बघा. लक्ष स्वतःच्या घशावरून निघून समोर जातं.

परेडमध्ये चक्कर येण्याच्या भीतीने गुडघे ताठ आवळू नका. रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते ती त्यानेच. गुडघे किंचित सैल सोडा, बुटात बोटं हलवत राहा.

दारूने तासभर मोकळं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी धास्ती वाढते. शिवाय 'दारूशिवायही जमतं' हे मनाला कधी कळतच नाही. भीती कमी करायला सहकाऱ्याकडची औषधाची गोळी तर घेऊच नका. काही गोळ्यांनी झोप येते, ड्यूटीवर हातात शस्त्र असतं. काही दम्याच्या रुग्णाला घातक ठरतात.

सहा महिन्यांहून जास्त काळ ही भीती टिकली असेल, किंवा तिच्यापायी बढतीचा कोर्स टाळत असाल, तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा. पहिलाच प्रश्न हा विचारा: 'यातलं काय नोंदवलं जाईल आणि कुणाला कळवावं लागेल?' हे विचारण्यात कमीपणा नाही. उत्तर मिळालं की किती बोलायचं ते तुम्ही ठरवू शकता. जीव नकोसा झाला असेल तर मात्र थांबू नका. त्याच क्षणी जवळच्या साथीदाराला सांगा, शस्त्र त्याच्या ताब्यात द्या आणि त्याला सोबत घेऊन डॉक्टरकडे जा.