फ्युएल गेज चुकीचा टक्का दाखवत असल्यास: मॅक्स १७०४८ कशी तपासावी

लिथियम सेलवर चालणाऱ्या एखाद्या प्रकल्पात मॅक्स १७०४८ ही फ्युएल गेज, म्हणजे सेल किती टक्के भरला आहे हे सांगणारी चिप बसवली असेल आणि ती कधी १२८ टक्के, तर कधी पूर्ण भरलेल्या सेललाही ६० टक्के दाखवत असेल, तर ही चिप सेलमधील विद्युतभार मोजतच नाही हे आधी ध्यानात घ्यावे. ती मोजते फक्त व्होल्टेज. टक्का ती सेलच्या प्रारूपावरून, म्हणजे व्होल्टेज आणि टक्का यांच्या चिपमध्ये साठवलेल्या नमुन्यावरून, अनुमानाने काढते. म्हणून टक्का तूर्त बाजूला ठेवून मल्टीमीटरची टोके थेट सेलच्या टोकांवर धरावीत आणि तो आकडा चिपने दिलेल्या व्होल्टेजशी ताडून पाहावा.

दोन्ही आकड्यांत मोठी तफावत असेल, तर दोष वायरिंगमध्ये किंवा वाचनाच्या कोडमध्ये असतो. वायर आणि कनेक्टर मिळून ०.१ ओहमचा रोध असेल, तर १ अँपिअर प्रवाहाला ०.१ व्होल्ट वाटेतच खर्च होतो, आणि ३.७ व्होल्टच्या आसपास एवढ्या फरकाने टक्का बराच घसरतो. यासाठी चिपची मोजणीची तार लोडच्या (म्हणजे वीज घेणाऱ्या उपकरणाच्या) तारेतून न काढता सेलच्या टोकापासून स्वतंत्र आणावी. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एक वेगळाच घोटाळा होतो. चिप वरचा बाइट आधी पाठवते, पण एसएमबस या चिपशी बोलण्याच्या पद्धतीतली शब्द (दोन बाइट एकत्र) वाचणारी आज्ञा पहिल्या बाइटला खालचा समजते, त्यामुळे ९०.५ टक्क्यांचे १२८.३५ टक्के होतात. बाइटांची अदलाबदल केली की हा प्रश्न मिटतो, आणि माझ्या मते शंभराच्या वरचा आकडा दिसताच सेल बदलण्याआधी हेच पाहावे.

व्होल्टेज जुळते पण टक्का जुळत नाही, अशा वेळी सेल जोडला त्या क्षणी काय चालू होते हे आठवावे. वीज मिळताच चिप पहिले व्होल्टेज विश्रांत सेलचे मानून सुरुवातीचा टक्का ठरवते. तेव्हा चार्जर जोडलेला असेल तर टक्का फुगतो, जड लोड चालू असेल तर तो खाली बसतो. ही चूक वापरासोबत हळूहळू विरत जाते. थांबायचे नसेल, तर चार्जर व लोड दोन्ही काढून सेलला अर्धा तास विसावा द्यावा आणि मग ०६ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये (चिपमधील नोंदीच्या जागेत) षोडशमान ४००० लिहून क्विक-स्टार्ट, म्हणजे टक्का नव्याने ठरवण्याची आज्ञा, द्यावा. चार्जिंग चालू असताना तो दिल्यास तीच चूक नव्याने होते, म्हणून प्रोग्रामच्या प्रत्येक आरंभी तो देण्याची सवय टाळावी.

चिपमधील मूळ प्रारूप ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे. ४.३५ व्होल्टच्या सेलला वेगळे प्रारूप भरावे लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटचे व्होल्टेज तर बहुतेक काळ ३.२ ते ३.३ च्या दरम्यान जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे तिथे हा गेज वापरूच नये.

तापमानाची भरपाई चिप आपणहून करत नाही. त्यासाठीच्या आरकॉम्प नावाच्या मूल्याचा आरंभ १५१ असतो आणि ते २० अंश सेल्सिअससाठी आहे. त्याहून प्रत्येक अंश वाढीला सुमारे ०.५ वजा आणि प्रत्येक अंश घटीला सुमारे ५ मिळवून कोडने ते दर मिनिटाला लिहावे. ३५ अंशांना ते १४३.५ होते, म्हणजे फरक किरकोळ. ५ अंशांना मात्र २२६ वर जाते, म्हणून थंडीत उघड्यावर ठेवलेल्या उपकरणात हे टाळून चालत नाही.

इतके करूनही ३० टक्क्यांवर उपकरण अचानक बंद पडत असेल, तर सेलच थकलेला असावा. लोड लावण्यापूर्वीचे आणि लावल्यानंतरचे व्होल्टेज नोंदवून त्यांतील फरकाला प्रवाहाने भागावे. १ अँपिअरला ०.३ व्होल्ट पडत असतील, तर अंतर्गत रोध ०.३ ओहम आहे, आणि अशा सेलपुढे कोणतेही प्रारूप टिकत नाही. तो सेल बदलावा आणि नवा सेल जोडताना चार्जर काढलेला ठेवावा.