मिलिंग मशिनचं टेबल जड फिरतंय? गिब सोडण्याआधी हे बघा

टेबलाचं हँडव्हील जड झालं की बहुतेकांचा हात आधी गिबच्या (स्लाइडमधली फट भरणाऱ्या पट्टीच्या) स्क्रूकडे जातो. स्क्रू जरा ढिले केले की चाक हलकं फिरतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण मिलिंगसाठी ढिलं टेबल हे जड टेबलापेक्षा वाईट. फिनिश बिघडतं, मापं हलतात, आणि क्लाइम्ब मिलिंग करताना, म्हणजे कटरचे दात फीडच्याच दिशेनं ओढत असताना, कटर बॅकलॅशएवढं (स्क्रू आणि नटातल्या मोकळ्या खेळाएवढं) टेबल झटक्यात ओढून घेतो आणि एंडमिल मोडते. म्हणून जडपणा स्लाइडमध्ये (टेबल ज्यावर सरकतं त्या पृष्ठभागांत) आहे की लीडस्क्रूमध्ये (हँडव्हीलनं फिरून टेबल सरकवणाऱ्या स्क्रूमध्ये), हे आधी ठरवायचं. हा लेख घरच्या वर्कशॉपमधल्या लहान बेंचटॉप मिलबद्दल आहे, पण डव्हटेल (तिरप्या कडांची) स्लाइड असलेल्या मोठ्या मशिनलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

मशिनचा प्लग काढा. टेबलाचे लॉक पूर्ण सोडलेत ना, पॉवर फीड (टेबल मोटरनं सरकवणारा भाग) लावलेला असेल तर तो सुटलाय ना, डीआरओचं (टेबलाची जागा आकड्यांत दाखवणाऱ्या यंत्राचं) रीडिंग हेड पट्टीला घासत नाही ना, हे पाहून घ्या. हसू येईल, पण अर्धवट आवळलेला लॉक हे फार नेहमीचं कारण आहे. व्हाइस जड असेल तर तो उतरवा. टेबल एका टोकाला नेलं की व्हाइसचं वजन टेबलाला त्या बाजूला झुकवतं, आणि तेवढ्यानंही स्लाइड जड होते.

आता टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि हाताला काय जाणवतं ते नीट बघा. सगळीकडे सारखंच जड असेल तर घाण, सुकलेलं तेल किंवा जास्त आवळलेली गिब. एकाच जागी अडत असेल तर तिथे चिप अडकलीय किंवा स्लाइडला बर (धातूची वर आलेली धारदार कड) आलाय. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा जड होत असेल तर स्क्रू वाकलाय किंवा डायलची रिंग घासतेय. एकाच दिशेनं जड असेल तर स्क्रूचा लांबीच्या दिशेचा दाब घेणारं थ्रस्ट बेअरिंग किंवा कॉलर बघा. आणि टोकाकडे, म्हणजे टेबलाच्या टोकाचा, स्क्रू धरणारा ब्रॅकेट टेबलाखालच्या नटाच्या जवळ आल्यावर जड होत असेल, तर नट आणि ब्रॅकेट एका रेषेत नाहीत. मध्यावर असताना लांब स्क्रू थोडा लवतो आणि हा दोष लपवतो, टोकाला गेल्यावर त्याला लवायला जागाच उरत नाही.

हा अंदाज पक्का करायचा तर स्क्रू वेगळा काढावा लागतो. दोन्ही टोकांचे ब्रॅकेट सोडा, स्क्रू फिरवत नटातून बाहेर काढा आणि टेबल दोन्ही तळव्यांनी ढकलून बघा. सगळ्या लांबीभर सारखं, किंचित दमानं सरकलं तर स्लाइड चांगली आहे आणि दोष स्क्रूकडे आहे. इथे घाई नको. पुढचं सगळं काम याच चाचणीवर ठरतं.

स्लाइडमध्ये दोष निघाला तर

गिब काढा आणि टेबल सरकवत बाहेर घ्या. लहान मशिनचं टेबलही दिसतं त्यापेक्षा जड असतं, त्यामुळे दुसरा माणूस हाताशी असू द्या. रॉकेल आणि जुन्या सुती कापडानं सगळं पुसून काढा. मशिन नवीन असेल तर गंजापासून वाचवायला लावलेलं चिकट ग्रीस कोपऱ्यांत बसलेलं असतं, तेही निघायला हवं. चिप्स कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, त्या स्लाइडच्या आत जाऊन बसतात. ब्रशच वापरा. बोटाच्या नखाला लागणारा बर बारीक ऑइल स्टोननं हलक्या हातानं घासून काढा. पॉलिश पेपर मात्र अजिबात नको. त्याचे कण बिडात रुतून बसतात आणि पुढे टेबलालाच घासत राहतात.

सपाट गिब असलेल्या मशिनवर स्क्रूची टोकं गिबवरच्या खळग्यांत बसतात. ती नीट बसली नाहीत तर गिब वाकडी होऊन एका कडेवर दाब देते. जडपणाही येतो आणि ढिलेपणाही. जोडताना प्रत्येक स्क्रू आपल्या खळग्यात गेल्याची खात्री करा. मग मधल्या स्क्रूपासून सुरुवात करून सगळे टेबल अडेपर्यंत आवळा आणि प्रत्येक साधारण आठवा हिस्सा फेरा मागे घ्या. एम 5 स्क्रूचा पिच 0.8 मिमी असतो, म्हणजे हा आठवा हिस्सा 0.1 मिमी. इतक्या बारीक मापात लॉकनट आवळतानाही स्क्रू फिरून सेटिंग बिघडतं. म्हणून एलन की धरून ठेवायची आणि पान्यानं फक्त नट फिरवायचा. टेपर (एका टोकाला निमुळती) गिब असेल तर बारीक टोकाकडचा स्क्रू आधी सोडून जाड टोकाचा स्क्रू थोडाथोडा फिरवा आणि शेवटी दोन्हीकडून धरून घ्या.

सेटिंग कुठे करायचं हेही महत्त्वाचं. वापरलेल्या मशिनची स्लाइड मध्यावर जास्त झिजलेली असते, कारण बहुतेक काम तिथेच होतं. मध्यावर छान बसवलेली गिब टोकांना जाम होते. अशा वेळी टोकांना टेबल फिरेल एवढीच गिब आवळा, मध्यावरचा थोडा ढिलेपणा सहन करा आणि ज्या दिशेला फीड नाही तो अक्ष कापताना लॉक ठेवा. टेबलाच्या टोकाला डायल गेज लावून आडवं ढकलून बघा. 0.02-0.03 मिमी हललं तर घरच्या कामाला मी ते चालवून घेईन. त्याहून बरंच जास्त असेल तर इलाज स्क्रेपिंगचा, म्हणजे हातानं खरवडून पृष्ठभाग सपाट करण्याचा. ते घरी शिकता येतं, पण पहिलाच हात आपल्या मशिनवर नको. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत हे काम येणारा जुना फिटर शोधावा.

स्क्रूमध्ये दोष निघाला तर

नट आणि ब्रॅकेट एका रेषेत आणायची सोपी युक्ती आहे. स्क्रू जोडा, टेबल अशा टोकाला न्या की ब्रॅकेट नटाच्या अगदी जवळ येईल, आणि ब्रॅकेटचे बोल्ट ढिले करा. चाक थोडं मागेपुढे फिरवलं की ब्रॅकेट आपली जागा घेतो. आता बोल्ट आलटूनपालटून थोडेथोडे आवळा आणि दर वेळी चाक फिरवून बघा. आवळताना पुन्हा जड झालं तर ब्रॅकेटची उंची किंवा कोन चुकतोय, तिथे पातळ पितळी शिम (फट भरायची पत्र्याची पट्टी) घालावी लागेल. दुसऱ्या टोकालाही हेच करा.

काही मशिनवर बॅकलॅश कमी करायला चिरलेला नट असतो. तो जास्त आवळला असेल तर कमी झिजलेल्या टोकांना स्क्रू पकडतो. थोडा बॅकलॅश राहू द्या, डायल वाचताना नेहमी एकाच बाजूनं आलात की तो आड येत नाही.

जोडताना स्लाइडवर आयएसओ 68 ग्रेडचं स्लाइडवे ऑइल लावा. शिलाई मशिनचं तेल पातळ पडतं, लवकर पुसलं जातं. मग टेबल आधी चिकटतं आणि एकदम सुटतं. डायल गेजचा काटा हलत नाही, आणि हलला की उडीच मारतो. ग्रीस चिप्स धरून ठेवतं, म्हणून स्लाइडवर ते नको. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात मशिन बरेच दिवस बंद राहणार असेल तर टेबल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून तेल सगळीकडे पसरवून ठेवा.