नेटवर्क रॅक बसवताय? जागा तयार करताना या चुका टाळा

नेटवर्क रॅक म्हणजे स्विच, राउटर अशी यंत्रं बसवायचं लोखंडी कपाट. स्विच, राउटर, यूपीएस आधी मागवायचे आणि ते ठेवायचे कुठं हे माल आल्यावर बघायचं, ही उलटी रीत कोल्हापुरात फार. मग जिन्याखालचा कोपरा किंवा तळघर नशिबी येतं.

तळघराचं तर नावच काढू नका. 2019 ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 55 फुटांच्या वर गेली. 2021 ला पुन्हा तेच. तरी "आमच्याकडं पाणी येत नाही" हे ऐकावं लागतंच. पूर नसला तरी तळघरात ड्रेनेज उलटं येतं, भिंती पाझरतात. मी शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारतो, पाणी कुठवर होतं? तो दाखवेल त्या खुणेच्या वर रॅक. आणि यूपीएसच्या बॅटऱ्याही वरच. रॅक भिंतीवर चढवून बॅटऱ्या फरशीवर ठेवणारे महाभाग बरेच भेटलेत.

आता अर्थिंग. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये दर वळवाला स्विचचे पोर्ट जायचे. मालकांनी कंपनी बदलली, पुन्हा बदलली, दोष मात्र प्रत्येक वेळी स्विचलाच. मी मीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज अगदी शून्य. वायरमन खूश, "बघा, एक नंबर अर्थिंग!" मशिनं चालू असताना न्यूट्रलवर थोडा तरी व्होल्टेज दिसतोच, एवढं सोवळं शून्य मला पटेना. सॉकेट उघडलं तर न्यूट्रलवरून अर्थला वायरचा तुकडा मारलेला. "चालतंय की, सगळीकडं असंच करतात," हे वर. अशा जागी न्यूट्रल तुटला की रॅकच्या पत्र्यातच करंट उतरतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खरा अर्थ पिट, म्हणजे अर्थिंगचा जमिनीतला खड्डा, भंगाराच्या ढिगाखाली, कोरडा ठणठणीत. शिवाय ऑफिसपासून शेडपर्यंत उघड्यावरून ओढलेली कॅट-सिक्स, म्हणजे तांब्याची नेटवर्क केबल. विजांच्या कडकडाटात दोन इमारतींच्या अर्थमधला फरक त्याच तांब्यातून पोर्टात शिरायचा.

पिट नवा केला, रॅकला स्वतंत्र अर्थ वायर दिली, दोन इमारतींमध्ये तांब्याऐवजी फायबर टाकली, तिच्यातून करंट जात नाही. पुढच्या वळवात पोर्ट शाबूत. म्हणून सांगतो, मीटर लावल्याशिवाय प्लग खोचू नका. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे, न्यूट्रल-अर्थ 2-3 व्होल्टच्या आत. लोड चालू असताना बरोब्बर शून्य आलं तर सॉकेट खोलून बघा.

बाकीच्या चुका थोडक्यात. एसीच्या पाण्याच्या पाइपखाली रॅक नको. लाइटची वायर आणि डेटा केबल एकाच पट्टीत कोंबू नका. रॅकच्या मागं माणूस उभा राहील एवढी जागा सोडा, भिंतीला चिकटवला तर पुढच्या दुरुस्तीला तुम्हालाच शिव्या बसतील. केबलसाठी पाडलेली भोकं बुजवा, नाहीतर उंदीर आहेतच. कॉपर केबल 100 मीटरच्या पुढं ओढून "स्पीड येत नाही" म्हणून फोन करू नका. आग विझवायला सीओटू सिलिंडर ठेवा. पावडरनं आग विझते, पण पावडर यंत्रात बसली की ते यंत्रही गेलंच समजा.

आणि ड्रिलिंग, रंगकाम आधी उरकून घ्या. नवी पोरं उत्साहानं बॉक्स फोडतात आणि मग त्याच खोलीत भिंत कोरायला घेतात. सिमेंटची धूळ थेट पंख्यांत. रंगारी जागेवर असेपर्यंत मी सील तोडत नाही, मालकांनी कितीही फोन केले तरी.