डायनासोर प्रवासाला धाडायचाय? आधी त्याची मान बघा

जिओकॅशिंग म्हणजे लोकांनी लपवलेले डबे जीपीएसवरून शोधायचे आणि आतल्या नोंदवहीत, म्हणजे लॉगबुकात, नाव लिहायचं, असा खेळ. त्यात क्रमांकाचा बिल्ला साखळीनं अडकवलेलं खेळणं डब्याडब्यातून प्रवासाला धाडता येतं. असं खेळणं निवडताना लांब मानेच्या डायनासोरवर भाळू नका. जिओकॅशिंगचे बरेच डबे लहान असतात: ‘स्मॉल’ म्हणजे १०० मिलिलिटर ते १ लिटर, आणि ‘मायक्रो’ त्याहून चिमुकला. ब्रॅकिओसॉरस कोंबून बसवला की झाकण नीट लागत नाही, आत पाणी जातं आणि लॉगबुकाचा लगदा होतो. ट्रायसेराटॉप्सची शिंगं पिशव्या फाडतात. मी कायम अँकिलोसॉर घेते. बसका, आटोपशीर, आणि शेपटीच्या टोकाला गाठ, त्यामुळे साखळी निसटत नाही. रबराचा मिळाला तर उत्तम. आमच्या कॅनडातल्या कॅल्गरीत उणे ३० अंशांत कडक प्लॅस्टिक तडकतं.

डबा स्वतः हिंडत नाही, तो नोंदवलेल्या अक्षांश-रेखांशावर पक्का असतो. एके काळी फिरते डबेही असायचे, पण आता नवे नोंदवता येत नाहीत. म्हणून हिंडायचं काम डायनासोरनं करायचं, ट्रॅव्हल बगच्या जोरावर. ट्रॅव्हल बग म्हणजे क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला. पाकिटात एकाच क्रमांकाचे दोन निघतात. उत्साहाच्या भरात दोन्ही लावून मोकळे होऊ नका! एक घरात ठेवा. खेळणं आहे, एखादं पोर खिशात घालणारच. तेव्हा दुसरा बिल्ला नव्या प्राण्याला अडकवला की जुना प्रवास, जुन्या किलोमीटरांसकट, पुढे चालू राहतो.

पाठवण्याआधी बिल्ला जिओकॅशिंगच्या साइटवर सक्रिय करा. ‘टीबी’पासून सुरू होणारा कोड सगळ्यांना दिसतो, त्याची काळजी नको. बिल्ल्यावरचा कोड मात्र फक्त हातात धरणाऱ्यासाठी. फोटो टाकताना त्यावर बोट ठेवा, नाहीतर लोक घरबसल्या ‘डिस्कव्हर’, म्हणजे ‘मी हा पाहिला’, असं नोंदवत सुटतात.

ध्येय काय लिहायचं, यावर खरा वेळ घालवा. माझ्या अँकिलोसॉरचं ध्येय आमच्या अल्बर्टा प्रांतातलं ड्रमहेलर ते चंद्रपूर. ड्रमहेलरजवळ १८८४ मध्ये जोसेफ टायरेलला एक कवटी सापडली, ती पुढे अल्बर्टोसॉरस या डायनासोरची ठरली. आणि आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला सापडलेला आयसिसॉरस हा डायनासोर तर कितीतरी विदर्भवाल्यांनाच ठाऊक नसतो. पण कॅनडाच्या मानानं महाराष्ट्रात डबे फार विरळ. नुसतं ‘चंद्रपूरला न्या’ लिहिलं, तर भारतात न जाणारा माणूस त्याला हातच लावणार नाही. म्हणून वाटेतल्यांसाठीही काहीतरी ठेवायचं: जिथे डायनासोरचा सांगाडा किंवा पुतळा दिसेल, तिथे याच्यासोबत फोटो काढा. एवढं सोप्या इंग्रजीत, दोन ओळींत, लॅमिनेट केलेल्या चिठ्ठीवर. ‘डब्यातल्या इतर वस्तूंसारखी ही अदलाबदलीची वस्तू नाही, पुढच्या डब्यात ठेवा’ हे त्यातच ठळक लिहा.

पहिला डबा ‘रेग्युलर’ आकाराचा निवडा आणि शेवटच्या चार-पाच नोंदी वाचा. ओळीनं ‘डीएनएफ’ दिसले, म्हणजे कुणाला डबा सापडलेलाच नाही, तर तिकडे फिरकू नका. विमानतळाजवळ खास ट्रॅव्हल बगसाठीचे डबे असतात, तिथून लांब पल्ला लवकर मिळतो खरा, पण हात मारणारेही तिथेच येतात. मला अर्ध्या तासाची पायपीट करावी लागेल असा डबा बरा वाटतो. तिथे येणारा नोंद न करता सहसा जात नाही.

मग धीर धरा. कुणी महिनोन् महिने दाबून बसला तर साइटवरून गोड भाषेत विचारा. बहुतेकदा डायनासोर हिवाळी कोटाच्या खिशात असतो.

आणि हो, सोबत हौसेनं खरा जीवाश्म घालू नका. अल्बर्टात जीवाश्म प्रांताच्या मालकीचे असतात आणि परवानगीशिवाय ते प्रांताबाहेर नेता येत नाहीत. तुमचं खेळणं कुणाच्या बॅगेतून सीमा ओलांडेल ते सांगता येत नाही, आणि अडकेल तो बिचारा बॅगवाला.