नेट यारोझे चालू झाला: अडचण सीरियल पोर्टची होती

नेट यारोझे म्हणजे सोनीने हौशी प्रोग्रामरांसाठी काढलेला काळा प्लेस्टेशन. जपानमध्ये 1996 ला आला, बाहेर 1997 ला. बूट सीडी आणि मेमरी कार्डच्या खाचेत बसणारं ॲक्सेस कार्ड, दोन्ही हवीतच. माझ्याकडे दोन्ही होती, स्क्रीनही नीट यायचा, पण पीसीवर लिहिलेला प्रोग्राम सीरियल पोर्टमधून (माहिती एकेक बिट करून पाठवणारी जुनी जोडणी) कन्सोलवर पाठवायचा असतो, तो पोचतच नव्हता.

अडत होतं यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरपाशी, म्हणजे पीसीच्या यूएसबीला सीरियल केबल जोडून देणाऱ्या तुकड्यापाशी. प्रोग्राम पाठवणारं सिओकॉन्स हे सॉफ्टवेअर डॉसच्या (विंडोजआधीची ऑपरेटिंग सिस्टिम) काळातलं, थेट हार्डवेअरच्या पत्त्याशी बोलणारं. कन्व्हर्टरचा पोर्ट मात्र विंडोजच्या ड्रायव्हरने उभा केलेला, साध्या डॉसला तो दिसतच नाही. मग मदरबोर्डवरच सीरियल पोर्ट असलेला जुना पीसी घेतला आणि बायॉसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) कॉम 1 ला, म्हणजे पहिल्या सीरियल पोर्टला, 3एफ8 पत्ता व आयआरक्यू 4 (प्रोसेसरला खुणावणारी लाइन) दिला. लगेच जोडणी झाली. काय आनंद झाला!

वेग 115200 बॉड, म्हणजे सेकंदाला जेमतेम 11 केबी. कन्सोलची 2 एमबी मेमरी पूर्ण भरायची तर तीन मिनिटं जातात. त्यामुळे चाचणीसाठी चित्रं आणि आवाज लहानच ठेवा. मी तर आधी नुसता रिकामा स्क्रीन रंगवणारा प्रोग्राम पाठवून पाहतो.