घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन तापतंय? या चुका टाळा

मे महिन्यात कोकणातल्या सड्यावर सकाळी साडेदहालाच अंग घामाने निथळतं. जानेवारीच्या पहाटे शहाण्यासारखं वागलेलं इंजिन आता चढाई सुरू होताच सिलिंडर हेडचं तापमान, म्हणजे सीएचटी, लाल रेषेकडे नेतं. त्यात नवल नाही. बाहेरची हवा जितके अंश जास्त गरम, ढोबळमानाने तितकेच अंश सीएचटी वर जातो. पहाटेच्या १८ अंशांत जेमतेम हद्दीत असलेलं इंजिन ३३ अंशांत ती ओलांडणारच.

कानस घेऊन हवा आत घेणारी पुढची भोकं मोठी करू नका

सगळ्यांचा हात पहिल्यांदा तिथेच जातो, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महागडी चूक. लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनांसारख्या एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या, इंजिनात हवा सिलिंडरच्या फिनांमधून, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या पातळ पात्यांमधून, वरून खाली जाते. तिला ढकलतो तो काउलिंगच्या, म्हणजे इंजिनाभोवतीच्या आवरणाच्या, वरच्या आणि खालच्या भागातल्या दाबाचा फरक. हवा आत येत असते, पण ती फटींतून निसटते, नाहीतर खालून बाहेर पडायला तिला वाट नसते. अशा वेळी तोंड मोठं केलं तर जादा हवा तोंडाशीच अडून बाहेर सांडते आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, तेवढा वाढतो.

अंदाज बांधण्यापेक्षा मोजा. गवंडी लेव्हलला वापरतो तसली पारदर्शक नळी, त्यात रंगीत पाणी. एक टोक वरच्या भागात, दुसरं खालच्या. नळीचं तोंड बंद करून बाजूला बारीक भोकं पाडा, म्हणजे थेट झोताने आकडा फसणार नाही. १०० नॉट (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) वेगाला वाऱ्याचा पूर्ण दाब सुमारे १६५ मिलिमीटर पाण्याएवढा असतो, ६५ नॉटला फक्त ७०. चढाईत इंजिन पूर्ण ताकदीवर आणि थंड करणारा दाब निम्म्याहून कमी, सगळं दुखणं तिथे आहे. उड्डाणात नळी दुसऱ्याने वाचायची, वैमानिकाने नाही.

फरक कमी दिसला तर आधी गळती शोधा. अंधारात बॅफलच्या, म्हणजे हवेला सिलिंडरकडे वळवणाऱ्या पत्र्याच्या आडोशांच्या, खाली दिवा ठेवा आणि पुढच्या तोंडातून आत बघा. जिथून उजेड दिसेल तिथून हवा पळते. बारीक फटी उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन सीलंटने बुजवा. बॅफलच्या कडेची रबरी पट्टी पुढे आणि आत वळलेली हवी, म्हणजे दाबानेच ती काउलिंगला चिकटते. मागे वळलेली पट्टी दाब आला की उघडते. जमिनीवर ती अगदी छान बसलेली दिसते, म्हणून हा दोष महिनोन्महिने लपतो. पट्टी जिथे घासते तिथे काउलिंगच्या आत काळसर रेघ उमटते. रेघ तुटली असेल तिथे फट आहे.

गळती बंद करूनही भागलं नाही, तर बाहेर पडायच्या वाटेकडे वळा. तापलेली हवा फुगते, तिला आत आली त्यापेक्षा जास्त जागा लागते; एक्झॉस्ट पाइप आणि नोजव्हीलचा पाय नेमके तिथेच आडवे येतात. काउलिंग कायमची कापण्याआधी तो बदल तुमच्या परवान्यात बसतो का, हे डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, विचारून घ्या.

एकच सिलिंडर तापतोय?

मग सगळ्या काउलिंगला दोष देऊ नका. फिनांच्या मधे कधी कधी ओतकामाचा उरलेला धातू अडकलेला असतो. ऑइल कूलर मागच्या बॅफलवर असेल तर शेजारच्या सिलिंडरची हवा तो पळवतो.

काटा खोटं बोलू शकतो

सीएचटी मोजणारा प्रोब उकळत्या पाण्यात धरा. किनाऱ्यावर पाणी १०० अंशांनाच उकळतं, त्यामुळे तपासणी फुकटात होते. थर्मोकपलची (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेल्या या प्रोबची) तार वाढवायला साधी तांब्याची वायर जोडली आणि तो जोड गरम इंजिनकक्षात राहिला, तर काटा कमी दाखवतो. हे जास्त धोक्याचं. स्पार्क प्लगखालच्या वॉशरचा आकडा आणि सिलिंडरमधल्या प्रोबचा आकडा एकमेकांशी ताडू नका. खाऱ्या हवेने हिरवट पडलेले टर्मिनल आधी साफ करा. अनेक लायकॉमिंग इंजिनांची कमाल मर्यादा ५०० फॅरनहाइट (२६० सेल्सिअस) आहे, पण इंजिन टिकवायचं तर क्रूझमध्ये, म्हणजे चढाईनंतरच्या सपाट उड्डाणात, ४३५ फॅरनहाइटच्या खाली ठेवा, असं कंपनीच सांगते.

इंधन कमी असलेलं पातळ मिश्रण आणि ठिणगीचं पुढे सरकलेलं टायमिंग यांनीही सीएचटी चढतो. त्यावर बॅफलची मलमपट्टी करू नका.

वाऱ्याकडे पाठ

दुपारी खारे वारे सुटले की पश्चिमेकडून वारा येतो. तेव्हा शेपटीकडून वारा घेत रनअप (उड्डाणाआधी जमिनीवर इंजिन चढवून केलेली तपासणी) करत बसाल, तर उड्डाणाआधीच इंजिन भाजून निघेल. नाक वाऱ्यात ठेवा आणि तपासण्या झटपट आटपा. सड्यावरची जांभ्याची लाल धूळ तेलकट कूलरवर बसली की पाण्याच्या फवाऱ्याने जात नाही. सॉल्व्हंटने सैल करून मागच्या बाजूने हवा मारा.

पावसाळ्यात विमान उभं असेल तर पुढच्या तोंडांना बूच लावा. ऑक्टोबरात बूच काढल्यावरही टॉर्च घेऊन आत बघा. कुंभारीण माशीची मातीची घरं फिनांत आणि ब्रीदर पाइपात (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीत) सापडतात, उंदरांनी ओढून आणलेलं गवत तर हमखास.