तलवारबाजी: पहिला लंज (पुढचा पाय फेकून झेपावत केलेला वार) कसा शिकवावा

सुरुवात फॉइलने, म्हणजे टोकाने वार करायच्या हलक्या तलवारीने करा. वजन ५०० ग्रॅमच्या आत, मनगट लवकर थकत नाही. पण पहिले दोन-तीन तास ते हातात देऊच नका. पाय बसले नाहीत तर हाताचं काही खरं नाही.

आधी ऑन गार्ड, म्हणजे तयारीत उभं राहणं. जमिनीवर खडूने रेघ मारा आणि दोन्ही टाचा तिच्यावर ठेवायला लावा. उजवं पाऊल समोर, डावं काटकोनात बाहेर, गुडघे वाकलेले, वजन दोन्ही पायांवर सारखं. डावखुऱ्यांना सगळं उलट.

लंजमध्ये क्रम महत्त्वाचा. आधी हात सरळ, मग पुढचा चवडा उचलून टाच पुढे फेकायची आणि त्याच वेळी मागचा गुडघा झटक्यात ताणायचा. टाच आधी टेकते. शेवटी पुढची नडगी उभी, मागचं पाऊल पूर्ण जमिनीला.

जवळजवळ प्रत्येकजण पाय आधी टाकतो. मग हात मागे राहतो, छाती उघडी पडते आणि फॉइलमध्ये हल्ल्याचा हक्कही (दोघांचे वार एकदम लागले तर गुण कोणाला, हे ठरवणारा) जातो. उपाय सोपा: खांद्याच्या उंचीवर हातमोजा धरा, न सांगता सोडा, मुलाने लंज मारून तो हवेतच पकडायचा. पाय आधी गेला की हातमोजा हमखास खाली.

पुढचा गुडघा आत कलत असेल तर पावलाची दिशा बघा. तिथेच चूक असते, आणि दुर्लक्ष केलंत तर गुडघा दुखायला लागतो. परत येताना मागचा गुडघा आधी वाकवायचा, कंबरेतून मागे झुकायचं नाही.

जोडीने सराव करताना मास्क, जॅकेट, आतलं प्लास्ट्रॉन (जॅकेटखाली घालायचं संरक्षक वस्त्र), हातमोजा. एकही कमी असेल तर सराव बंद.